चाक लावलेला झेंडा

शेपूचा वास आला की मला हंगेरी आठवते.

मी हंगेरी पाहिलेली नाही, आणि आता या गुडघ्यांवर पाहीन असंही वाटत नाही. पण परवा कुवेतच्या खैतान भागातल्या एका गल्लीत भाजीवाल्याने शेपूच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं आणि मी जागच्या जागी थांबलो. माझी मुलगी मंजू कुवेतमध्येच नोकरी करते आणि हिवाळ्यात मी तिच्याकडे येऊन राहतो. ती म्हणाली, "बाबा, चला ना, गाडी चुकीच्या जागी लावलीय." तिचा मुलगा म्हणाला, "आजोबा, व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, "काही नाही रे. हंगेरी." तो बिचारा खिशातून मोबाईल काढून शोधायला लागला.

समोरच आमची जुनी बिल्डिंग होती. तिसऱ्या मजल्यावरची ती बाल्कनी, तिचा तोच वाकडा कठडा. दोरीवर कुणाचे तरी बनियन वाळत होते. मी मान वर करून बघत राहिलो. याच जागी, अशीच मान वर करून, एकदा अर्धं खैतान उभं होतं, आणि त्यांना रांगेत लावणारा मी होतो. पण ते पुढे येईल.

आधी माझ्याबद्दल. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील परळीकडच्या जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहायचे. बी.ए., राज्यशास्त्र, दुसरा वर्ग, आणि दुसरा वर्ग मी लपवत नाही. आमच्या गावात तोवर कुणाला कुठलाच वर्ग मिळाला नव्हता. कुवेतमध्ये मी एका फ्रीज विकणाऱ्या कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार बघायचो. बायको कुंदा एका क्लिनिकच्या लॅबमध्ये होती, लोकांचं रक्त काढायची. त्यामुळे खैतानमध्ये तिला माझ्यापेक्षा जास्त मान होता. मला लोक "सिस्टरचे मिस्टर" म्हणायचे. ती सिस्टर नव्हती, पण हे मी किती जणांना समजावणार?

ते खैतान आता नाही. एसीचं पाणी खालच्या पत्र्यावर टपटप पडायचं, त्या तालावर मंजू झोपायची. संध्याकाळी वाळूचा वास यायचा, भाजलेल्या मडक्यासारखा. समोरच्या भट्टीतून खुबूस, म्हणजे तिकडची मोठी, फुगलेली रोटी, कागदात गुंडाळून आणली की वाटेतच कडा खाऊन संपायच्या. मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, शेजाऱ्याचा रेडिओ, मल्याळी नर्सचं हसू, आणि गल्लीच्या तोंडाशी हसनभाईंची पिवळी शाळेची बस. हसनभाई मुकादम मूळचे रत्नागिरीकडचे. सकाळी पोरं शाळेत सोडायची आणि दुपारी त्याच बसमध्ये पंखा लावून झोपायचं, असा त्यांचा दिनक्रम.

मग नव्वद सालच्या ऑगस्टात एका सकाळी इराकचे रणगाडे आले. का आले, कसे आले, हे मी राज्यशास्त्राचा पदवीधर असूनही इथे सांगणार नाही. ज्यांना सांगायला आवडतं त्यांनी जाड जाड पुस्तकं लिहिली आहेत. मला आठवते ती शांतता. शाळेची बस हलेना. मिसरी शेजारी रेडिओ कानाला लावून बसायचा, गाणी ऐकायला नाही. भट्टीवरची रांग सूर्य उगवायच्या आधी लागायची.

आणि त्याच दिवसांत दारावर टकटक झाली. दारात एक गोरा, गुलाबी, धिप्पाड माणूस. पन्नाशीचा, घारे डोळे, झुपकेदार मिशा. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात काचेची मोठी बरणी पोटाशी धरलेली.

कुंदा म्हणाली, "अय्या, मिस्टर इम्रे! तुमची शुगर वाढली का?"

हे हंगेरीच्या वकिलातीतले अधिकारी. दर महिन्याला कुंदाकडे शुगर तपासायला यायचे आणि रिपोर्ट हातात पडला की आधी खिशातलं चॉकलेट संपवायचे. सगळ्या वकिलाती बंद करून बगदादला चला, असा हुकूम निघाला होता. यांचे लोक गेले, हे मागे राहिले. का राहिले, ते त्यांनी आम्हाला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा वेगळं. आता वकिलात बंद, म्हणजे राजनैतिक संरक्षण संपलेलं, आणि रस्त्यात गोरा माणूस दिसला की सैनिक त्याला उचलून कुठल्या तरी कारखान्यात नेऊन बसवत होते, वरून बॉम्ब पडू नयेत म्हणून.

"मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले, "या शहरात मी फार थोड्या लोकांवर विश्वास ठेवतो. पण ज्या बाईने माझं इतक्यांदा रक्त काढलं आणि एकदाही दुखू दिलं नाही, तिच्याकडे जायला हरकत नाही असं वाटलं."

कुंदाने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "चपला आत काढा."

आणि माझ्या आयुष्यातला पहिला खराखुरा मुत्सद्दी आमच्या घरात आला. मला काय आनंद झाला होता! परराष्ट्र धोरण हा विषय मी गाईडवरून केला होता. आता साक्षात धोरणच सतरंजीवर बसलं होतं. मी रोज सकाळी खुर्ची ओढून विचारायचो, "सर, अलिप्ततावादाचं भवितव्य काय?" ते विचार करून म्हणायचे, "तुमच्याकडे लसूण आहे का?"

कारण त्यांचं सगळं लक्ष त्या बरणीत होतं. काकड्या उभ्या चिरायच्या, वर शेपूच्या काड्या, लसूण, मिठाचं पाणी, आणि सगळ्यांत वर पावाचा तुकडा. पाव मिळत नव्हता म्हणून त्यांनी खुबूस घातली. मग बरणी उन्हात ठेवायची. त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात घरोघरी खिडकीत अशी बरणी असते म्हणे. कुंदाने पहिल्या दिवशी ती बघितली आणि ती खरकटं समजून ओतायला निघाली. इम्रेकाका बाल्कनीकडे असे धावले की त्या क्षणी त्यांना शुगरबिगर काही नव्हती.

"अहो काका, हे नासलंय!" कुंदा म्हणाली.

"अजून नाही," ते म्हणाले. "उद्या नासेल. मग छान लागेल."

काका त्यांना मंजूने केलं. ते म्हणाले, आमच्या भाषेतही असंच, आधी नाव, मागे काका. त्यावर मंजूने त्यांना ताब्यात घेतलं. गणपती आले होते. मूर्ती कुठून आणणार? कुंदाने कणकेचा गणपती केला, हळद लावली, डोळ्यांना मिरी. सोंड दर संध्याकाळी गळून पडायची आणि इम्रेकाका ती पुन्हा बसवायचे, मिशीत पुटपुटत. मंजूने त्यांना आरती शिकवली. अर्थ नाही, नुसते आवाज आणि टाळ्या. "काका, टाळी इथे! इथे नाही!" असं पाच वर्षांची पोर त्यांना दटावायची, आणि ज्या माणसाने राजे-राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन केलं होतं तो मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. आमच्याकडे एक आरती म्हणून कुणी थांबत नाही. गणपती झाला की शंकर, मग देवी, मग विठोबा, मग ज्याला जी येते ती. काकांना वाटलं हे सगळं मिळून एकच गाणं आहे. आम्हीही त्यांना दुरुस्त केलं नाही.

कापडी पिशवी मात्र ते कुणाला उघडू देत नव्हते. उशाला घेऊन झोपायचे. एका सकाळी वाळूचं वादळ येऊन गेलं, खिडक्यांच्या फटींतून सगळं घर पिवळं झालं. कुंदा क्लिनिकला गेली होती, मी भट्टीच्या रांगेत. घरी आलो तर गल्लीत हा गोंधळ! आमच्या बिल्डिंगखाली माणसंच माणसं. पिशव्या, बॅगा, कडेवर पोरं, सगळ्यांच्या माना वर.

"क्या हुआ भाईसाब?" मी एकाला विचारलं.

"इंडियन एम्बसी इधर शिफ्ट हो गई ना?" तो म्हणाला आणि बोट दाखवलं.

आमच्या दोरीवर झेंडा फडकत होता. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा.

माझा ऊर भरून आला. क्षणभर मीही सावधान उभा राहिलो, हातात खुबूस घेऊन. मग आठवलं की हे आमचं घर आहे, आणि आमच्या घरात आपला झेंडा नाही.

तो हंगेरीचा होता. त्यांचा झेंडा लाल, पांढरा, हिरवा. पण कुवेतच्या उन्हात वर्षानुवर्षं फडकून लाल रंगाचा पार केशरी झाला होता. काकांनी नवीन झेंड्यासाठी आपल्या मंत्रालयाला किती तरी वेळा लिहिलं होतं. तिकडे सरकारच बदलत होतं, झेंड्याकडे कोण बघणार? वकिलात सोडताना त्यांनी तो उतरवून पिशवीत घातला होता. वादळाची वाळू त्याच्यात शिरली, म्हणून त्यांनी तो धुतला आणि सवयीने उंच, दिसेल असा वाळत टाकला. आयुष्यभर झेंडा लावण्याचीच सवय. लपवण्याची नव्हती.

गर्दी वाढत होती. आता एखादा सैनिक आला की संपलं. मी लोकांना पांगवायला पुढे झालो. पण माझा स्वभाव आहे, विस्कटलेली गर्दी बघवत नाही. "एक एक! लाइन में! लेडीज अलग, जेन्ट्स अलग!" बघता बघता दोन सरळ रांगा झाल्या. एक म्हातारे गृहस्थ मला "थँक यू, ऑफिसर" म्हणाले. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

हसनभाई बसमधून डोळे चोळत आले. "काय वो मास्तर, रांग लावलीत ती बरी केलीत. आता ह्यांना देणार काय, खुबूस?"

मी त्यांना कानात खरं काय ते सांगितलं. हसनभाईंनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग रांगेकडे वळून मोठ्या आवाजात म्हणाले, "एम्बसी उद्या! आज बंद! चला, घरी जावा!" आणि लोक गेले. सरकारी कचेरी आज बंद, उद्या या, यावर आपला माणूस लगेच विश्वास ठेवतो.

मग ते माझ्याबरोबर वर आले. घरात काका स्वयंपाकघराच्या फरशीवर, सिलिंडरच्या मागे बसलेले. मांडीवर ओला झेंडा.

हसनभाई म्हणाले, "बस तयार आहे, डिझेल आहे. आपली माणसं बसरा, बगदाद करून जॉर्डनला निघालीत. गाडीवर आपला झेंडा असला की सैनिक 'हिंदी, हिंदी' म्हणून सोडतात. माझ्याकडं झेंडा नाय. ह्यांच्याकडं झेंडा हाय, पण ह्यांना सोडणारं कोण नाय." त्यांनी मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "मधी एक चक्र काढलं तर?"

मी हे काकांना इंग्रजीत सांगितलं.  परक्या राष्ट्राच्या ध्वजावर आपलं चिन्ह काढा, हे एका मुत्सद्द्याला सांगायचं, हे कुठल्या गाईडमध्ये नाही.

काका कपड्यावरची सुरकुती अंगठ्याने सपाट करत राहिले. त्यांना फक्त एवढंच करायचं होतं, हा कपडा आपल्या माणसांच्या हातात नेऊन द्यायचा. बगदादमधली त्यांची वकिलात चालू होती. तिथवर पोचले की ते सुटले. वाटेत पकडले गेले तर ते कारखान्यात, आणि झेंडा कुणाच्या तरी बुटाखाली.

"मी शाळेत होतो," ते शेवटी म्हणाले, "तेव्हा माझ्या वडिलांनी कात्रीने आमच्या झेंड्याचा मधला भाग कापून काढला होता. तिथे दुसऱ्यांनी, रशियनांनी, बसवलेलं चिन्ह होतं. सगळ्या गावाने कापलं. आठवडाभर आम्ही भोक पडलेला झेंडा घेऊन फिरत होतो. आमच्या झेंड्याच्या मधोमध काय असावं, यावर आमच्याकडे फार भांडणं झाली आहेत." मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "एक चाक तो सहन करेल. पण धुतल्यावर जाईल ना?"

संध्याकाळी कुंदा आली. तिने कपड्यांची नीळ काढली, पाण्यात दाट कालवली. "साध्या पाण्याने जाईल," ती म्हणाली. "एका धुण्यात." काकांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, जसं रिपोर्ट घेताना बघायचे तसं. मग स्वतःच ताटली उपडी ठेवून गोल काढला.

"आऱ्या किती?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो आला. "चोवीस," मी म्हणालो, खुर्चीवरून उठून.

आता उरला त्यांचा चेहरा. कुंदाने त्यांना माझा लेंगा-सदरा घातला. तो त्यांच्या पोटऱ्यांवर थांबला. डोक्यावर माझ्या वडिलांची पांढरी टोपी, जी मी गावाहून आठवण म्हणून आणली होती. कपाळावर गंध. आम्ही तिघं मागे सरून बघत राहिलो.

"चिपळूणचे कोकणस्थ शोभतात," कुंदा म्हणाली.

"आमच्या गावचे खोत हुबेहूब असे," हसनभाई म्हणाले. "फक्त हे हसतात."

बरणी मोठी, जड. ती बाल्कनीतच ठेवली. कुंदाने थोड्या काकड्या डब्यात घेतल्या. कणकेचा गणपती मंजूने मांडीवर घेतला. पहाटे बस निघाली. जहरा मागे पडलं आणि रस्ता चढाला लागला तिथे सैनिकांचा नाका होता. आमच्यापुढच्या एका गाडीतून दोन गोरी माणसं खाली उतरवली होती. ती रस्त्याच्या कडेला हात डोक्यावर ठेवून उन्हात बसली होती. 

एक सैनिक चढला. कोवळा पोरगा, बंदूक त्याच्याहून मोठी. पुढच्या काचेवरचा झेंडा त्याने बघितलाच होता. "हिंदी?" त्याने विचारलं.

"हिंदी! हिंदी!" सगळी बस ओरडली.

तो मधल्या सीटपाशी थांबला. काकांकडे बघितलं. टोपीकडे, मिशीकडे, पोटऱ्यांकडे.

"इंता हिंदी?" तू हिंदी?

काकांनी मान हलवली. आपल्यासारखी, आडवी-तिरपी, ज्यातून होय की नाही ते कळत नाही. एवढ्या दिवसांत ती मात्र त्यांना अचूक जमली होती. सैनिकाचं समाधान झालं नाही. त्याने हातवारे केले: हिंदी आहेस तर गाणं म्हण. त्या लोकांना आपल्या सिनेमातली गाणी फार आवडायची, नाक्यांवर गाणं म्हणवून घ्यायचे. कुंदाने माझं मनगट धरलं. तिची नखं अजून आठवतात. काकांना सिनेमाचं एकही गाणं येत नव्हतं.

काकांनी डोळे मिटले आणि आरती सुरू केली.

सूर नव्हता. शब्द मोडतोड होऊन येत होते. पण टाळी बरोबर जागेवर पडली, आणि टाळी पडली की आपल्या माणसाला बसवत नाही. सगळी बस उभी राहिली. टपाला डोकी आपटली, तरी उभी राहिली. मंजूने गणपती उंच धरला. मल्याळी नर्स टाळ्या वाजवू लागली. हसनभाई पत्र्यावर ठेका धरून सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणू लागले. नंतर म्हणाले, "खोतांच्या गणपतीत लहानपणापासून झांज माझ्याकडं."

पहिली संपली. सैनिक हसून वळणार, तोच मागच्या सीटवरच्या एका आजींनी शंकराची सुरू केली. मग देवीची. मग विठोबाची. काकांना ते सगळं एकच गाणं वाटत होतं, ते जोरात होते. सैनिक "खलास, खलास" म्हणत होता, पण आरती चालू असताना मधून जायचं नाही हे त्यालाही कुठून कळलं कोण जाणे, तो टोपी हातात घेऊन उभाच राहिला. बाहेरून त्याचा साहेब हॉर्न वाजवत होता. शेवटी सगळ्यांनी जागच्या जागी गिरकी घेतली. त्या अरुंद बसमध्ये एवढी माणसं एकदम फिरली आणि सैनिकही त्यांच्याबरोबर फिरला. त्याला दुसरा इलाजच नव्हता.

प्रसादाला काही नव्हतं. कुंदाने डबा उघडला. शेपूचा वास बसभर पसरला. सैनिकाने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, घरी कुणीतरी शिकवल्यासारखी. कुंदाने तिच्यात काकडीची फोड ठेवली. त्याने खाल्ली. त्याचं तोंड असं झालं की ते वाकडं करावं की चाखावं हे त्यालाच कळेना. मग म्हणाला, "यल्ला! यल्ला, हिंदी!", चला, निघा अशा अर्थाने, आणि खाली उडी मारली.

बस चढ चढू लागली. मागे ती दोन माणसं उन्हात बसलेलीच होती. काका खिडकीतून त्यांच्याकडे बघत होते. टोपी त्यांनी डोक्यावरून काढून मांडीवर ठेवली होती.

बगदादला त्यांच्या वकिलातीच्या फाटकातून एक तरुण कारकून धावत आला. काकांनी काचेवरचा झेंडा सोडवला, घडी करून त्याच्या हातात दिला. त्याने उलगडून बघितलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. काकांनी उत्तर दिलं, तो हसत सुटला. आम्हाला त्यांनी भाषांतर करून सांगितलं. "तो विचारतो, हे चाक कसलं? मी म्हटलं, त्याशिवाय हा इथवर चालत आला नसता."

जॉर्डन, विमान, मुंबई, गाव. पुढच्या वर्षी कुवेत मोकळं झालं आणि आम्ही परत आलो. तेलाच्या विहिरी जळत होत्या, भर दुपारी दिवे लावावे लागत. हातरुमाल नाकातून काळा निघायचा. आमच्या घरातलं सगळं गेलं होतं. फ्रीज, गाद्या, मंजूची तिचाकी, दाराच्या कड्यासुद्धा. बाल्कनीत फक्त बरणी होती, काजळी धरून, जिथे ठेवली तिथेच. ती उचलायची हिंमत कुणाला झाली नव्हती.

इम्रेकाकाही परतले. पहिल्याच आठवड्यात टकटक. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. "बरणी?" त्यांनी दारातच विचारलं. वर्षभर शिजलेली ती काकडी त्यांनी बाहेर काढली आणि खाल्ली. आम्ही नाही खाल्ली. ते जगले.

मग पिशवीतून जुना झेंडा काढला. मंत्रालयाने शेवटी नवा पाठवला होता, लालभडक, तो आता वकिलातीवर होता. हा जमा करून टाका म्हणून सांगितलं होतं. मधलं चक्र पुसट निळं दिसत होतं. कुंदाने त्याच्यावरून बोट फिरवलं.

"अय्या, गेलं नाही का?" कुंदा म्हणाली. "साध्या पाण्याने जाईल म्हटलं होतं ना मी?"

"साध्या पाण्यानेच धुतला, मॅडम," ते म्हणाले आणि बरणीत बघू लागले. "बऱ्याचदा धुतला. तुमची नीळ फार पक्की."

ते गेल्यावर कुंदा हसत सुटली. माझ्या राज्यशास्त्राला जे कळलं नाही ते तिला लॅबमधल्या बाईसारखं एका नजरेत कळलं होतं. "बोटाला निळी भुकटी लागली माझ्या," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "त्या झेंड्याला पाणी लागलेलंच नाही."

"बाबा, चला ना," मंजू परवा म्हणाली. मी शेपूची एक जुडी घेतली. नातवाने नाक धरलं. "आजोबा, दॅट स्मेल्स!"

"हो," मी म्हटलं. "उद्या आणखी येईल. मग छान लागेल."